ताटावरचा ठराव

त्या दुपारी आप्पा धुतलेला सदरा घालून जेवायला आले, तेव्हाच थोरल्या सुनेने, मोठीने, ओळखलं की आज काहीतरी आहे.

सदरा सुट्टीच्या दिवसाचा, आणि वार आठवड्याच्या मधलाच. शिवाय हात आधीच स्वच्छ. एरवी आप्पांचं हात धुणं हा घरातला एक स्वतंत्र कार्यक्रम असे. मागच्या अंगाला चष्म्याच्या काचा घासायची लांबट खोली होती. कामाचे चार बाक आणि पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र एवढाच पसारा, पण घरात तिला कारखाना म्हणायची पद्धत होती. तिथून बाहेर आले की आप्पा कोपरापर्यंत हात भिजवत, नखांत बसलेली पॉलिशची गुलाबी भुकटी ब्रशने काढत, बोटं उजेडात धरून बघत आणि पुन्हा ब्रश मारत. तोवर रस्सा दोनदा गरम करावा लागे. आज रस्सा अजून शेगडीवरच होता आणि आप्पा टेबलाच्या टोकाशी बसून सगळ्यांची वाट बघत होते.

"ठराव आहे," धाकटी जाऊ कानाशी कुजबुजली. "ताई, सदरा बघितलात?"

"बघितला."

"कशाचा असेल हो?"

"मला काय ठाऊक! मी काय सदऱ्याच्या खिशात राहते?"

असं म्हणाली खरी, पण तिला वाटलं आपल्याला ठाऊक आहे. कुणीतरी फोडलं. तिने आधी नवऱ्याकडे बघितलं. थोरला बिचारा खुर्ची ओढत होता, त्याने डोळ्यांनीच 'मी नाही' म्हटलं. मग तिने लेकीकडे बघितलं. लेक नकाशे काढायच्या कचेरीत नोकरीला होती, पण घरात तिला वकील म्हणत, कारण दूध का घेतलं नाहीस एवढं विचारलं तरी ती तीन मुद्दे मांडत असे. वकिलीणबाईंनी खांदे उडवले. म्हणजे तिनेही नाही.

गोष्ट अशी होती, की मोठीला विद्यापीठातून होकार आला होता. विषय पाश्चात्त्य राजकीय विचारांचा इतिहास. पदव्युत्तर अभ्यास, दोन वर्षांचा, आणि तो तिथेच जाऊन राहून करायचा. उद्या सकाळी विभागाचं कार्यालय उघडलं की फोन करून येते किंवा येत नाही सांगायचं, नाहीतर जागा पुढच्या नावाला. पन्नाशीला टेकलेली बाई, जिने आपली पदवी घरबसल्या, पॉलिशच्या बाकावर पुस्तक टेकवून मिळवली, तिच्याकडे ही गोष्ट होती आणि ती पदराखाली निखारा लपवावा तशी घेऊन फिरत होती. थोरला म्हणाला होता, "मी बोलतो आप्पांशी." हे तो गेला आठवडाभर म्हणत होता.

ठरावाचा प्रकार मुळात आप्पांच्या वडिलांचा. त्यांना भांडणाचा मनस्वी कंटाळा. तरुणपणी भावाभावांच्या एका मारामारीत त्यांचा कान गेला, असं सांगत. सासूबाईंच्या मते कान शाबूत होता, फक्त गैरसोयीचं ऐकू येत नव्हतं. तर त्यांनी नियम घातला. घरातली मोठी गोष्ट जेवताना मांडायची. मांडणाऱ्याने एकदाच मांडायची. ज्याला पटत नाही त्याने ताट तसंच ठेवून उठायचं, त्याला कारण विचारायचं नाही. एक जण उठला तरी ठराव पडला. सगळ्यांची ताटं रिकामी झाली की ठराव पक्का. गैरहजर तो राजी. या शेवटच्या कलमामुळे मोठीचा दीर, जो फ्रेमांची पेटी घेऊन दुकानोदुकानी फिरत असे, आजवर घरातल्या बहुतेक गोष्टींना राजी होत आला होता.

या टेबलावरून आजवर एकच माणूस उठलं होतं. वन्सं.

मोठी लग्न होऊन आली तेव्हा वन्सं म्हणजे घरातला एकमेव आवाज होता जो तिच्याशी कामाशिवाय बोलत असे. दुपारी कारखाना थंड असला की दोघी माळ्यावर जात. वन्सं वाचत, मोठी ऐके. राजे, राज्यं, कायदे, बंडं. कुठल्या दूरच्या देशांतल्या, कधीच्या मेलेल्या माणसांचे वाद. मोठीला त्यांची परकी नावं जिभेवर बसत नसत, म्हणून वन्संनी त्यांना घरगुती नावं ठेवली. एक होता कारभारी. दरबारातून हाकलला गेलेला, गावाबाहेर शेतावर पडलेला. दिवसभर चिखलात, गावगप्पांत असायचा, पण संध्याकाळी वाचायला बसण्याआधी मळके कपडे उतरवून दरबारी पोशाख घालायचा. मोठीला तो इतका आवडला की आजही ती पुस्तक उघडायच्या आधी नखं घासून लुगडं बदलत असे. थोरला म्हणायचा, "कुठे निघालीस?" ती म्हणायची, "दरबारात." दुसरा होता काचवाला. तो तर घरचाच. पोटासाठी भिंगं घासायचा, त्याच्या समाजाने त्याला वाळीत टाकलं होतं, आणि त्याचं म्हणणं होतं की राज्य असतं ते माणसाला मोकळं करायला, भिववायला नाही.

मग आप्पांनी ठराव मांडला, की लेकीचं शिक्षण आता पुरे. वन्संनी घास खाली ठेवला आणि उठल्या. ठराव पडला. आप्पा नियमाचे पक्के. दुसऱ्या दिवशी तेच बॅग उचलून गाडीपर्यंत सोडायला गेले. फक्त 'ये परत' एवढे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत, आणि वन्संना ते ऐकल्याशिवाय यायचं नव्हतं. दोघंही एकाच मातीचे. वर्षं गेली. वन्सं तोच विषय शिकल्या, तोच त्यांनी शिकवला, आणि मागल्याच्या मागल्या हिवाळ्यात तिकडे दूरच्या शहरातच वारल्या. फोन आला तेव्हा आप्पांच्या हातात काच होती. ती त्यांनी पुरी केली, पुसली, पाकिटात घातली, आणि मग कारखान्याचं दार ओढून घेतलं.

वन्संची खुर्ची टेबलाशी तशीच राहिली. तिच्यावर कुणी बसत नव्हतं. हळूहळू तिच्यावर रद्दी साठायला लागली, कारण रिकामी खुर्ची बघवत नाही आणि रद्दीची बघवते.

"वाढ गं," सासूबाई म्हणाल्या. मोठीने पातेलं उचललं. भात, रस्सा, भाजी. आप्पांना रस्सा बाजूला, थोरल्याला भातावर, सासूबाईंना भाजी कमी आणि वर 'एवढीशीच कशी गं' हे ऐकायची तयारी. धाकटी पाण्याचे पेले भरत होती. दोघी नंतर जेवत, शेगडीपाशी, एकमेकींच्या ताटात हात घालत. त्यात कुणाचा जाच नव्हता. आधीपासून तसंच होतं, एवढंच.

आप्पांनी घसा साफ केला.

"माझा हात थरथरतो," ते म्हणाले. "तुम्ही बघता आणि बोलत नाही, हा तुमचा चांगुलपणा. पण काचेला चांगुलपणा कळत नाही. परवा एक काच परत आली. माझ्या हातची काच परत आली असं कधी झालं नव्हतं."

"गिऱ्हाईकच चक्रम असेल," सासूबाई म्हणाल्या.

"गिऱ्हाईकाचं बरोबर होतं." आप्पांनी टेबलावर हात सपाट ठेवला, बहुधा तो स्थिर दिसावा म्हणून. "यंत्रं आली, तरी अवघड नंबर अजून आपल्याकडे येतात. ते या खिडकीजवळच्या बाकामुळे येतात. तिथे आजवर या घरात जन्मलेलाच बसला. माझे वडील, मग मी. थोरल्याचा हात जड आहे..."

"आहे," थोरल्याने लगेच मान्य केलं. वादापेक्षा त्याला हे सोपं.

"...आणि धाकट्याला एका जागी बसवत नाही. तेव्हा खिडकीजवळचा बाक मोठीचा. शेवटचा हात आता तिचा. उद्या सकाळपासून. हा ठराव."

आणि त्यांनी पहिला घास घेतला.

मोठीच्या हातातला डाव पातेल्याच्या काठावर टेकला आणि टेकलेलाच राहिला.

हे तिने कधीच धरलं नव्हतं. विद्यापीठाचा विषय निघेल, नाही म्हणतील, ती मनातल्या मनात लढेल, याची तिने आठवडाभर तालीम केली होती. आणि इथे समोर आला तो बाक. गेली कित्येक वर्षं ती तिसऱ्या बाकावर होती. काच राळेने मुठीला चिकटवायची, कुरुंदाच्या भुकटीच्या पाण्यात खरडायची, मग बारीक, मग आणखी बारीक, मग लोकरीच्या नमद्यावर गुलाबी पाणी सोडत चकाकी आणायची, आणि अगदी शेवटी, जेव्हा काच आता काच राहत नाही आणि नुसता उजेड होते, तेव्हा ती उचलून आप्पांच्या हातात द्यायची. आप्पा ती खिडकीच्या गजांसमोर धरून हळूच सरकवत. गज वाकले नाहीत तर काच खरी. शेवटचे चार हात फिरवून ते ती पाकिटात घालत. दुपारी आप्पांचा डोळा लागला की मोठी त्या बाकाशी जाई, उभ्याउभ्याच एखादी काच गजांसमोर धरी, आणि परत तिसऱ्या बाकावर येई. बसली मात्र कधी नाही. तो बाक कधी आपला होईल असं ती मनाशीसुद्धा म्हणत नव्हती, इतका तो तिला हवा होता.

तिला रडू आलं. वाफेचं निमित्त होतं, ते तिने वापरलं.

"म्हणजे," धाकटी पेला ठेवत म्हणाली. आवाज गोड होता, पण पेला जरा जोरात टेकला. "आमचे हे घरी नसताना हा ठराव... म्हणजे मी काही म्हणत नाही."

"गैरहजर तो राजी," सासूबाई म्हणाल्या.

"तेच म्हणते मी. नेहमीच राजी."

आप्पा जेवत होते. सासूबाई जेवत होत्या. थोरला ताटात मान घालून जेवत होता. बोलतो म्हणणारा माणूस इतक्या वेगाने भात संपवताना मोठीने पहिल्यांदा बघितला. एकटी वकीलच जेवत नव्हती. तिने आईकडे बघितलं, भिवया उंचावल्या, आणि मग ताटातलं एक शीत बोटाने उचलून तोंडात घातलं. चावलं. पाणी प्यायली. दुसरं शीत उचललं.

"काय गं, पक्ष्याचं पोट झालं का?" सासूबाई म्हणाल्या.

"डॉक्टर म्हणतात सावकाश जेवावं, आजी."

"डॉक्टर म्हणतात जेवावं. हे मोजणं झालं."

"माझं ताट संपेपर्यंत ठराव पक्का नाही ना?"

"नाही," आप्पा म्हणाले.

"मग मला आज फार सावकाश भूक आहे."

मोठीला हसू आलं. ही पोर शितं मोजून तिला वेळ काढून देत होती. पण वेळ घेऊन ती करणार काय होती?

तिला मुलाखत आठवली. टेबलापलीकडे तिघं बसली होती. भीती वाटली की मोठी समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता चष्म्याकडे बघे, तशी बघत होती. प्रवेशासाठी तिने निबंध लिहिला होता, न बोलता दिलेल्या संमतीवर. त्यात दोघांचं जुनं भांडण होतं. पहिल्याला ती रस्तेवाला म्हणे. त्याचं म्हणणं, माणूस राज्यातल्या रस्त्यावरून नुसता चालत गेला तरी त्याने तिथले कायदे मानले असंच धरायचं, तोंडाने हो म्हणायची गरज नाही. दुसरा जहाजवाला. तो म्हणाला, वा! माणसाला झोपेत उचलून जहाजावर आणून ठेवायचं, आणि मग म्हणायचं, कप्तान मान्य नसेल तर मार समुद्रात उडी! मोठीने निबंधात आपलं टेबल मांडलं होतं. दोघांच्या मधला मार्ग म्हणून, आणि जरा अभिमानानेच. आमच्या घरी समुद्र नाही, असं लिहिलं होतं तिने. दार तिथेच आहे, उठायला कुणालाही मोकळीक आहे.

मधल्या बाईंनी कागद उलटून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही कुठे बसता?"

"मी वाढते," मोठी म्हणाली होती.

सहज म्हणाली होती. म्हटल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं. एवढी पुस्तकं वाचली, एवढा नीटस निबंध लिहिला, टेबलाच्या प्रत्येक खुर्चीचा हिशेब मांडला, आणि आपण त्या टेबलाशी कधी बसतच नाही हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. उठायला मोकळीक होती, खरं आहे. पण तिने आजवर जे काही मान्य केलं ते उभं राहून केलं होतं, आणि उभ्या माणसाने उठायचं कसं?

बाई हसल्या नव्हत्या. मोठीच हसली होती, आणि बाहेर येऊन एका पायरीवर बराच वेळ बसून राहिली होती.

"मोठे," सासूबाई म्हणाल्या, "भात."

तिने वाढला. मग पातेलं टेबलावर ठेवलं आणि वन्संच्या खुर्चीकडे गेली. रद्दीचा गठ्ठा दोन्ही हातांनी उचलला. तो वाटला होता त्याहून जड निघाला. तिने तो भिंतीशी ठेवला, पदराने खुर्ची पुसली, ताट घेतलं आणि बसली.

वकिलीणबाईंचं शीत बोटावरच राहिलं.

"ती डगमगते," सासूबाई म्हणाल्या. "डाव्या पायाला. जपून."

"हे काय?" आप्पांनी विचारलं.

"बसतेय, आप्पा."

"ते दिसतंय मला. अजून तेवढं दिसतं. का?"

"मला उठायचंय." तिने ताट जवळ ओढलं. "आणि उठायचं तर आधी बसावं लागतं."

थोरल्याने मान वर केली. मग त्याने एक गोष्ट केली जी त्याने लग्न झाल्यापासून केली नव्हती. डाव उचलला आणि बायकोच्या ताटात भात वाढला. अंदाज नसल्यामुळे चौघांचा वाढला. "आप्पा," तो म्हणाला, "तिला विद्यापीठात घेतलंय. मी सांगणार होतो."

"कधी?"

"आज. म्हणजे... जेवण झाल्यावर."

"ठराव पक्का झाल्यावर," वकील म्हणाली. "व्वा, बाबा."

"कसलं विद्यापीठ? काय शिकायला?" सासूबाईंनी विचारलं.

"राज्य कुणी करावं, आणि लोकांनी ते का ऐकावं, याच्यावर तिकडच्या माणसांनी आजवर काय काय विचार केला, त्याचा इतिहास."

"मग? काय ठरलं त्यांचं?"

"भांडण चालूच आहे, आई."

"इतकी वर्षं मिटलं नाही ते तू दोन वर्षांत मिटवणार!"

"जाऊ द्या ना आप्पा ताईंना!" धाकटी एकदम पुढे झाली. तिच्या डोळ्यांत खिडकीजवळचा बाक आणि त्यावर बसलेला तिचा नवरा स्वच्छ दिसत होता. "किती हुशार आहेत त्या! शिकायला वय थोडंच असतं? दोन वर्षं काय, अशी..." आणि तिथे ती अडखळली. तिची नजर पातेल्यांवरून शेगडीकडे, शेगडीवरून ओट्यावर गेली. "दोन वर्षं," ती जरा हळू म्हणाली. "म्हणजे सुट्टीत याल ना मधे?"

आप्पा यातलं काही ऐकत नव्हते. ते मोठीकडे बघत होते. खरं तर तिच्याकडे की खुर्चीकडे, ते सांगणं कठीण होतं.

"तो तुझा काचवाला," ते म्हणाले.

मोठी चमकली. कारखान्यात काम करताना ती या सगळ्यांच्या गोष्टी सांगत असे, आप्पांना म्हणून नाही, यंत्राच्या घरघरीला म्हणून. आप्पा 'हं' म्हणत. तिला वाटायचं ते यंत्राला हं म्हणतात.

"त्यालाही विद्यापीठाने बोलावलं होतं. शिकवायला. तूच सांगितलं होतंस. आणि तो गेला नाही. म्हणाला, मी आपला बरा आहे. काचा घासत राहिला."

"हो."

"मग?"

तिने पहिला घास घेतला होता, तो गिळायला वेळ लागला. भात गरम होता. शेगडीपाशी जेवताना तो कधीच इतका गरम नसे. या खुर्चीवरून सगळंच वेगळं होतं; आप्पांच्या मागचं दार उघडं होतं, त्यातून कारखाना, कारखान्याच्या टोकाला खिडकी, आणि खिडकीच्या गजांपलीकडे वळणापर्यंतचा रस्ता. वन्संना रोज जेवताना हा रस्ता दिसत असणार. आणि त्याच रेषेत, उजेडात, तो बाक. दोन्ही एकाच नजरेत मावत होतं. बघू नये असं वाटलं, इतकं सुंदर होतं ते.

"त्याला बोलावलं होतं, आप्पा," ती म्हणाली. "मग तो नाही म्हणाला. न जाणं त्याचं स्वतःचं होतं. मी नाही गेले, तर तसं होणार नाही. नुसतं राहून गेलं, असं होईल."

"आणि बाक? बाक नकोय तुला?"

तेवढं विचारायला नको होतं त्यांनी. नियमात कारण विचारणं बसत नव्हतं, आणि आप्पांनी नियम मोडलेला या टेबलाने कधी बघितला नव्हता.

"हवाय," मोठी म्हणाली. आता वाफेचं निमित्त नव्हतं. तिने डोळे तसेच वाहू दिले. "तुम्ही झोपलात की मी तिथे जाऊन उभी राहते. रोज. मला तो बाक इतका हवाय, की तुम्ही हे मागल्या वर्षी म्हणाला असतात तर मी अर्जच केला नसता. आणि मग जन्मभर..." तिला पुढचं सुचलं नाही. "मला दोन्ही हवंय, आप्पा. पण उद्या सकाळ एकच आहे."

ती उठली. खुर्ची डाव्या पायावर डगमगली आणि स्थिर झाली. ताटात भात तसाच होता, एका कोपऱ्यातून खाल्लेला. तिला काय करावं ते कळेना. उठून कुठे जायचं असतं हे नियमात सांगितलेलं नव्हतं. वन्सं दाराबाहेर गेल्या होत्या. मोठी कारखान्यात गेली.

यंत्र बंद होतं. पट्टा सैल पडला होता. ती तिसऱ्या बाकापाशी थांबली, तिथल्या नमद्यावर हात ठेवला. तो अजून ओला होता. आपलं या घरात जे काही होतं ते इथेच होतं, असं तिला वाटलं. मग मागून, टेबलापासून सासूबाईंचा आवाज आला, सवयीचा, अर्धा भानावर नसलेला:

"मोठे, रस्सा आण गं जरा."

तिची पावलं आपोआप वळली. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, आणि वकील म्हणाली, "बसा सगळे, मी आणते." आणि मग सासूबाई पुन्हा, पण या वेळी पुरत्या भानावर, "आणि धाकटे, तू कशाला खांबासारखी उभी? ती खुर्ची आहे ना आता रिकामी. बस. जपून पण. डावा पाय."

मोठी वळता वळता थांबली.

आप्पा आले ते थोड्या वेळाने. त्यांच्या पावलांच्या आधी आवाज आला, वाटी ताटावर किणकिणल्याचा. थरथरत्या हातांत मोठीचं ताट होतं, रस्सा थोडा सांडलेला, सुट्टीच्या सदऱ्यावरही. त्यांनी ते खिडकीजवळच्या बाकावर ठेवलं. भुकटीचा डबा, नमदा, सगळं बाजूला सारून. या बाकावर खाण्याची वस्तू आणलेली बघून त्यांच्या वडिलांचा दुसराही कान गेला असता.

"ठराव पडला," ते म्हणाले. "आता नुसतं जेव."

"इथे?"

"बस."

ती बाकासमोरच्या स्टुलावर बसली. बाक तिला वाटला होता त्याहून बुटका निघाला. जणू तिच्याच उंचीला बेतलेला. आप्पा तिच्या बाजूला उभे राहिले. आज ते उभे होते. तिने घास घेतला. भात आता कोमट झाला होता, म्हणजे तिच्या ओळखीचा झाला होता.

"हे दोन अवघड नंबर आलेत," ते बाकाच्या कडेची पाकिटं बोटाने सारखी करत म्हणाले. "घाई नाही म्हणालेत ते लोक. मी शेवटच्या हातापर्यंत आणून ठेवीन. तेवढं होतं माझ्याच्यानं."

"आप्पा, ते लोक दोन वर्षं थांबणार का?"

"सुट्टी नसते का तुमच्या विद्यापीठाला?"

"असते."

"मग झालं."

त्यांनी एक काच पाकिटातून काढली आणि सवयीने खिडकीच्या गजांसमोर धरली. हात थरथरत होता, गज काचेत पाण्यातल्यासारखे हलत होते. मोठीने डावा हात पुढे करून त्यांच्या मनगटाला खालून आधार दिला. गज सरळ झाले. त्यांच्यामधून रस्ता दिसत होता, वळणापर्यंत, आणि त्यावर कुणीही नव्हतं.

आप्पा त्या रस्त्याकडे बघत राहिले. मग, काच खाली न घेता, तिच्याकडे न वळता, एवढ्या हळू की यंत्र चालू असतं तर ऐकूही आलं नसतं, ते म्हणाले,

"ये परत."

कुणाला म्हणाले, ते तिने विचारलं नाही. ती त्यांचा हात तसाच धरून राहिली, आणि दोघींच्या वतीने हो म्हणाली.